मंडळातली एक बाई

नांदेड
१२ जून २०२४

अलका आत्या,

नमस्कार पुढच्या पत्रात.

काल माझ्या दवाखान्यात देगलूरची एक बाई आली. वय चौतीस. तीन महिने अंगावरून पांढरं जातंय, वास येतो, आग होते. तपासताना आत कापसाचा बोळा सापडला. किती दिवसांचा, ते तिलाही सांगता येईना. हे काय, म्हणून विचारलं, तर तिने पिशवीतून बाटली काढली. काचीगुड्याच्या बहिणीने पाठवली म्हणाली. आत गढूळ आंबट पाणी. बाहेर चिकटवलेला कागद. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'शुद्धिकांजी. सकाळ-संध्याकाळ आतून धुणे. झोपताना दह्याचा बोळा. डॉ. मानसी बिलोलीकर, नांदेड यांच्या सल्ल्याने.'

ते अक्षर मला ओळखावं लागलं नाही. डॉक्टर होईपर्यंत मी तुझ्याच घरी राहिले. माझ्या डब्यात त्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या असायच्या.

बाई म्हणाली, "तुमचंच औषध हाय की मॅडम. मग तुमीच कसं इचारायलाव?" पडद्यापलीकडे बसलेल्या दोघी हसल्या.

मी हा सल्ला कधी दिला, ते आठवत बसले. मग आठवलं. माझ्या भावाच्या, संदीपच्या लग्नात, पंगतीत. तू विचारलंस, बायकांना हे सारखं सारखं का होतं? मी जिलबी खात होते. म्हटलं, निरोगी योनीत दह्यातल्यासारखे आंबट जंतू असतात, ते राखण करतात, ते कमी झाले की दुसरे माजतात. एवढंच बोलले. नंतर मठ्ठा आला.

दह्यातल्यासारखे म्हणजे दह्यातले नव्हेत. दह्यातले जंतू दुधात वाढतात, तिथे ते टिकत नाहीत. आणि आतून पाणी मारलं की राखणारेच वाहून जातात. तू ज्या दुखण्यावर औषध देतेस, तेच दुखणं वाढवतेस. कांजी प्यायची असेल तर पी, चांगली असते. ती तोंडाने प्यायची वस्तू आहे.

अडाणी बाईने हे केलं असतं तर मी समजावलं असतं. तू बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंस. तुझ्यासारखी शिकलेली बाई अडाणी झाली की ती कागदावर लिहून अडाणी होते, आणि खाली दुसऱ्याचं नाव घालते.

माझं नाव काढ. दिलेली प्रत्येक बाटली परत आण. येत्या शनिवारी हे पत्र तुझ्या भजनी मंडळात मोठ्याने वाच, पहिल्या ओळीपासून.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू मधेच कुकर बंद करायला उठतेस आणि परत येऊन दुसरंच बोलतेस.

मानसी

काचीगुडा, हैदराबाद
२० जून २०२४

चि. मानसीस,

आशीर्वाद. तू नमस्कार लांबणीवर टाकलास, तरी मी आशीर्वाद टाकत नाही.

बोळा सकाळी काढायचा असतो हे मी लिहिलं नाही. कागद लहान होता. तो दोष पूर्ण माझा. तुझं नाव विचारल्याशिवाय घातलं, तोही माझा. माझ्या नावाने औषध कोण घेणार? सगळे कागद काढले.

बाकीचं आता ऐक. पत्रात मी कुकर बंद करायला उठत नाही.

शनिवारी भजनी मंडळाच्या बायका माझ्याकडे जमतात. भजन अर्धा तास. मग दार लोटून बोलणं. त्यातली एक मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली होती. रांगेत चाळीस बायका, चार-दोन पुरुष. सिस्टर बाहेर येऊन ओरडली, "वो बासवाली केस कौन है?" हिने हात वर केला नाही. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, घरी आली, माझ्याकडे आली. दुसरी एक मुलगी, लग्न व्हायचंय. डॉक्टरीणबाईने पहिला प्रश्न लग्नाचाच विचारला, आणि उत्तर ऐकल्यावर तिच्याशी बोलणं सोडून तिच्या आईशी बोलायला लागली. तिसरीने गोळ्या संपवल्या, सगळ्या, वेळेवर. महिन्याने पुन्हा तेच. पुन्हा गेली तर डॉक्टर म्हणाले, "फिर आ गए?" जणू हिला हौस आहे.

माझ्याकडे आली की मी तिला बसवते. पाणी देते. वास येतो का, कसला येतो, हे नाक न मुरडता विचारते. ह्यात कांजी फार पुढे येते. कांजी नसती तर त्या आल्याच नसत्या. नुसतं सांगायला कोण येतं? हातात काहीतरी घेऊन जायला येतात.

तुम्ही डॉक्टर लोक ह्यात कुठे होतात, ते तूही एकदा कागदावर लिही.

पत्र मंडळात वाचणार नाही. त्यात मला अडाणी म्हटलंय. त्या मला बाई म्हणतात.

एक विचारते. त्याचं उत्तर मात्र नीट दे. मंडळातली एक बाई आहे. तिला पाचवा लागलाय. पातळ, करडं जातं, मासळीसारखा वास येतो. तिच्या डॉक्टरने सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात, मेट्रोनिडाझोल म्हणून. आतल्या कागदावर गरोदरपणाबद्दल बारीक अक्षरांत काहीबाही छापलंय. मी वाचलं, मला भीती वाटली. गोळ्या घेऊ द्याव्यात का? ती थांबली आहे. मी म्हटलंय, मानसीला विचारते.

तुझी
आत्या

नांदेड
२८ जून २०२४

आत्या,

रांगेतली सिस्टर खरी असेल. माझ्या रांगेतही कोणी तसं ओरडत असेल, मला आत ऐकू येत नाही. ते पाहीन. पण कोणी वाईट बोललं म्हणून तू आंबलेलं पाणी वाटायचंस, हा कुठला न्याय? तुझ्याकडे बायका बसतात, बोलतात, हे चांगलं आहे. मग नुसतं ऐकायचं होतंस आणि म्हणायचं होतंस, चल, मी बरोबर येते. तुझ्या हातात तेवढं होतं. तुला मात्र बरणी हवी होती. बरणी असली की बाई देणारी होते.

आता ती मंडळातली एक बाई.

मी तुला चांगली ओळखते. पंगतीत एक वाक्य बोलले, ते बाटलीवर चिकटलं. आता गोळीबद्दल एक वाक्य लिहीन, ते पुढच्या बाटलीवर चिकटेल. ह्यापुढे माझ्याकडून एक वाक्य मिळणार नाही. मी न पाहिलेल्या बाईबद्दल पत्रातून काही सांगत नाही. तिला तिची डॉक्टर आहे, तिला विचारू दे.

आधी बाटल्या परत आण. आधी मंडळात पत्र वाच. मग मला प्रश्न विचार.

मानसी

काचीगुडा
९ जुलै २०२४

चि. मानसीस,

आशीर्वाद. बाटल्या आल्या. सतरा दिल्या होत्या, पंधरा आल्या. मोरीत ओतल्या. बरण्या घासून गच्चीत पालथ्या घातल्या आहेत. का बंद केलं, असं बायकांनी विचारलं. माझी तब्येत बरी नाही असं सांगितलं. पत्र वाचलं नाही.

तू विचारलं नाहीस, तरी कळवते. ती बाई ठीक आहे.

तेजस ठीक, सूनबाई ठीक. त्यांच्याकडची एक बातमी आहे, ती वेळ आली की कळवीन.

आत्या

सिकंदराबाद
१३ सप्टेंबर २०२४

मानसीताई,

मी सायली, तेजसची बायको. आपण दोनदाच भेटलोय, दोन्ही वेळा लग्नात. माझं मराठी लिहिणं शाळेनंतर सुटलंय, चुका असतील. पण तुम्ही दोघी पत्रं लिहिता, म्हणून मीही पत्रच लिहिते.

५ सप्टेंबरला मला मुलगी झाली. एकोणतिसावा आठवडा. अकराशे ऐंशी ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी आहे. दवाखान्यातली माणसं मला रोज सकाळी 'स्टेबल' एवढंच सांगतात आणि पुढच्या पेटीकडे जातात.

मला दिवस गेले होते हेच तुम्हाला माहीत नसेल. आमचं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हा आईंनी, म्हणजे तुमच्या आत्यांनी, आधीच सगळ्यांना पेढे वाटले होते. म्हणून ह्या वेळी त्यांनी ठरवलं, डोहाळजेवणापर्यंत नातलगांत कुणाला बोलायचं नाही. नांदेडला तर नाहीच, कारण नांदेडहून सगळीकडे जातं. डोहाळजेवणाची तारीख पंधरा धरली होती. पाणी चारला गेलं.

परवा तेजसने घरून माझी फाइल आणली. आईंच्या कपाटात होती. फाइलीत तुमची दोन पत्रं होती. तेजसला देवनागरी वाचता येत नाही, त्याला ते दवाखान्याचे कागद वाटले. मी इथे बाकावर बसून वाचली.

मंडळातली एक बाई म्हणजे मी. मी मंडळात कधी गेलेले नाही. मला भजन येत नाही.

जूनमध्ये त्रास सुरू झाला. माझ्या डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. कशाच्या, ते सांगितलं नाही. माझ्याकडे न बघता, तेजसकडे बघून म्हणाली, "हायजीन मेंटेन करा." घरी येताना तेजसने गाडीची खिडकी उघडली. गरम होत होतं, त्याच्या मनात काही नसेलही. मी सगळ्या रस्त्यात त्या खिडकीकडे बघत होते. त्यानंतर मी दिवसातून चारदा धुवायला लागले.

आई म्हणाल्या, गोळ्या ठेवून दे. मानसीला पत्र टाकलंय, ती आपली आहे, तिचं उत्तर आलं की घे. तोपर्यंत कांजी. मी थांबले. जूनचे राहिलेले दिवस आणि सगळा जुलै. रोज विचारायचे, आलं का? आई म्हणायच्या, टपालाचं काही खरं नाही. मग मीच विचारायचं सोडलं. तुमच्या पाकिटावर ४ जुलैचा शिक्का आहे. जुलैत आईंनी सगळ्यांच्या बाटल्या परत आणल्या, पण दोन माझ्या न्हाणीघरात राहिल्या. ऑगस्टमध्ये वास कमी झाल्यासारखा वाटला. किंवा मला सवय झाली.

माझा राग कुणावर आहे, ते मी परवापासून इथे बसून ठरवतेय. आईंवर आहे. त्या बाहेर बाकावर बसलेल्या असतात, सकाळी येतात, संध्याकाळी जातात. मी बोलत नाही. तुमच्यावर आहे. तुम्ही एका बाईला उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही दुसऱ्या बाईवर चिडला होतात. आणि माझ्यावर आहे. ऑफिसात माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. कुणी मला 'थांब, उत्तर येईल' म्हटलं तर मी त्याला दहा मिनिटं देत नाही. स्वतःच्या अंगासाठी मी पोस्टमनची वाट पाहिली. फोनवर शोधलं होतं. निम्मे म्हणत होते दही लावा, निम्मे म्हणत होते लावू नका. वाटलं, घरात डॉक्टर आहे, ती सांगेल ते खरं.

दोन प्रश्न आहेत. त्या गोळ्या घेतल्या असत्या तर बाळाला काही झालं असतं का? आणि घेतल्या असत्या तर ती पूर्ण दिवसांची झाली असती का?

हो किंवा नाही लिहा. मी बाई पाहिलेली नाही, असं आता लिहू नका.

सायली

नांदेड
१७ सप्टेंबर २०२४

सायली,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. त्या गोळ्या आम्ही गरोदर बायकांना देतो. वर्षानुवर्षं दिल्या जातात, त्यांनी बाळाला अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. हे मला २८ जूनला एका ओळीत लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. त्या दिवशी माझी बाजू बरोबर होती, आणि मला त्यातच मजा वाटत होती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, माहीत नाही. हा आजार असलेल्या बायकांत दिवस भरायच्या आत पाणी जाण्याचं प्रमाण जास्त असतं. पण गोळ्या घेतल्याने ते टळतं का, ह्याबद्दल अभ्यास एकसारखं बोलत नाहीत. तुझा त्रास बहुधा थांबला असता. दिवस भरले असते की नाही, ते मी सांगू शकत नाही, तुझी डॉक्टर सांगू शकत नाही, कोणीच नाही. तू हो किंवा नाही मागितलंस. हो लिहिलं तर आत्याला जन्मभराची शिक्षा होते. नाही लिहिलं तर मी सुटते. दोन्हींतलं काहीच मला लिहिता येत नाही.

आजाराचं नाव बॅक्टेरियल व्हजायनोसिस. तो घाणीने होत नाही. तू चारदा धुतलंस, त्याने वाढलाच असेल. तुझ्यात काहीही घाण नव्हतं आणि नाही. हे वाक्य तुझ्या डॉक्टरने जूनमध्ये म्हणायला हवं होतं. तेजसला हे पत्र वाचून दाखव. त्याला वाचता येत नसलं तरी ऐकता येतं.

आत्याला मी पाठीशी घालत नाही. तिने उत्तर लपवलं, कारण त्यात तिला झिडकारलं होतं. ते झिडकारणं तिला तुझ्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं. पण एक लिहिते. 'मानसीला विचार' हे त्या घरात तिनेच रुजवलं, मी शिकत होते तेव्हापासून. कुणाला ठसका लागला तरी मानसीला विचार. मला ते फार आवडायचं. मी कधी म्हटलं नाही की मला विचारू नका, जवळचा डॉक्टर बघा. विचारणं आवडत राहिलं, आणि जेव्हा खरंच विचारलं, तेव्हा मी अट घातली.

बाळाला छातीशी धरायला देत असतील तर जेवढा वेळ देतील तेवढा धर. अंगाला अंग लागू दे. वजन त्याने वाढतं. हे मी पुस्तकातलं सांगतेय, पण पाहिलेलंही आहे.

पुढच्या आठवड्यात येते. तुझ्यासमोर उभं राहून माफी मागायची आहे.

मानसी

काचीगुडा
१० नोव्हेंबर २०२४

मानसीताई,

सप्टेंबरमध्ये मी तेजसकडून 'येऊ नका' एवढंच कळवलं. तेव्हा तुम्ही आला असतात तर मला तुमची समजूत काढावी लागली असती. मला तेवढी ताकद नव्हती.

मुलगी घरी आली. दोन किलो पन्नास ग्रॅम. रडते मोठ्याने. नळीमुळे आवाज जाईल म्हणाले होते, गेला नाही.

तुमचं पत्र तेजसला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अरे, एसी बंद पडला होता यार, म्हणून खिडकी उघडली." मग म्हणाला, "तू तेव्हाच का बोलली नाहीस?" मी म्हटलं, तू तेव्हाच का विचारलं नाहीस? आम्ही त्या दिवशी भांडलो. बरं झालं.

तिसऱ्या आठवड्यात मला ताप आला. मला आत सोडेनात. बाळाला छातीशी धरायला कोणी हवं होतं, आणि तेजस बंगळूरला होता. सिस्टर म्हणाली, "बाहर अम्मा बैठे ना, उनको बुलाऊं?" मी हो म्हटलं. माफ केलं म्हणून नाही. पोरीला ऊब हवी होती आणि ती आईंकडे होती. आईंनी दवाखान्याचा गाऊन घातला, कानातल्या कुड्या काढून ठेवल्या, आणि तिला उघड्या छातीवर घेऊन बसल्या. चार तास. पाय आखडला तरी हलल्या नाहीत. मी काचेबाहेरून पाहिलं. घरी आल्यावर मी तरीही त्यांच्याशी बोलले नाही. अजून कामापुरतंच बोलते. त्या ते मान खाली घालून घेत नाहीत, तेही सांगते. परवा म्हणाल्या, "माझ्यावर किती दिवस रागावणार ते एकदा सांग, मी कॅलेंडरवर खूण करते." मी म्हटलं, मोठं कॅलेंडर आणा.

काल शनिवार होता. काल आईंनी तुमचं पहिलं पत्र मंडळात वाचलं. पहिल्या ओळीपासून, अडाणी शब्दासकट. नंतर त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं की पुढचं पत्र आलं होतं आणि मी ते सुनेपासून लपवलं. मी मागे बसले होते, पोर मांडीवर. सगळ्या माझ्याकडे वळून बघायला लागल्या.

मग योगिनीबाई म्हणाल्या. त्या आमच्या गल्लीतल्याच, आईंनी तुम्हाला लिहिलेली ती रांगेतली बाई त्याच, असं त्यांनी काल स्वतःच सांगितलं. म्हणाल्या, "हौ बाई, कळलं. कांजी नक्को. दही नक्को. मग जायचं कुठं ते सांगा की. परत त्याच रांगेत?"

आईंनी पत्राची घडी घातली, मग पुन्हा उघडली, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल. आणखी एक बाई म्हणाली, तुमच्या भाचीला इथं बोलवा, रागं भरली तर भरू दे, आम्हाला सवय आहे. त्यावर हसणं झालं. पण कोणी उठून गेलं नाही. काल भजन झालंच नाही.

म्हणून लिहिते. या. माफी मागायला नको, तिचं मी काय करू? २३ तारखेच्या शनिवारी चार वाजता आमच्याकडे या. वीसेक बायका असतील. आईंनी इथल्याच एका डॉक्टरीणबाईंनाही विचारलंय, त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत. तुम्ही फोन केलात तर म्हणतील.

पहिला प्रश्न मी विचारणार आहे. सगळ्यांसमोर, माझा म्हणून. आईंना हे सांगितलेलं नाही. तुम्हाला आताच लिहून ठेवते.

गोळ्या ऑक्टोबरमध्ये घेतल्या. सात दिवस, एकही न चुकवता. बरं वाटलं. परवापासून पुन्हा तोच वास आहे.

उत्तर असेल तर घेऊन या. नसलं तरी या.

सायली